साबणाला लागलेला तळ

दुकानात शिरताच सासूबाईंनी दुकानदाराला बजावलं, "मी आज मुकी आहे. माझ्याशी बोलायचं नाही." आणि उंबऱ्याजवळच्या स्टुलावर ओठ मिटून बसल्या.

सासू-सून घरून तसं ठरवूनच निघाल्या होत्या. शिडाच्या होडीचा जुना नांगर गंजून मोडला होता. नवा सुनेनं निवडायचा, सासूनं ब्रही काढायचा नाही. निवड बरोबर ठरली तर होडी आजपासून सुनेची. एकटीनं न्यावी, एकटीनं आणावी, कुणाला विचारू नये. चुकली तर होडीवर ताडपत्री आणि विषय संपला.

सासूबाईंचा पारा तसाही सकाळपासून चढलेला होता. न्हाणीतला त्यांचा गुलाबी साबण नाहीसा झाला होता. सगळं घर उलथंपालथं केलं, मुलाच्या बापापर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला, आणि शेवटी कपड्यांच्या वडीनं अंघोळ उरकावी लागली होती. अंग अजून खाजत होतं.

"वहिनी, होडी केवढी?" दुकानदारानं विचारलं.

"पंधरा फूट."

नांगर भिंतीकडेला ओळीनं मांडले होते. पहिलाच चार वाकड्या आकड्यांचा, अगदी मोडलेल्या जुन्यासारखा. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. सून पुढे गेली. शेवटी एका हलक्या, चपट्या पात्यांच्या नांगरापाशी उकिडवी बसली, त्याची पाती वरखाली हलवून पाहिली आणि म्हणाली, "हा द्या."

"अगं, नांगर आहे की उलथनं?" सासूबाई स्टुलावरून ताडकन उठल्या.

"काकू, तुम्ही मुक्या होतात ना?"

"तू गप रे! खडकाला धरायला आकडे लागतात, आकडे! चाळीस वर्षं होडी हाकलीय मी या खाडीत. माझ्या तळहातापेक्षा तिचा तळ मला जास्त ठाऊक आहे. घाला ताडपत्री!"

सून उठून उभी राहिली. तिनं पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली, सोडली आणि सासूच्या हातावर ठेवली. आत दोर बांधलेलं शिशाचं वजन होतं. वजनाच्या बुडाला खळगा, खळग्यात गच्च दाबून बसवलेला साबण. साबणाला काळा चिखल चिकटलेला.

चिखलाच्या कडेनं गुलाबी रंग दिसत होता.

सासूबाईंनी साबण नाकाशी नेला. अर्धा वास गुलाबाचा, अर्धा खाडीचा.

"चोरटी!"

"पहाटेच हा दोर तळापर्यंत सोडला, आई. धक्क्यापासून खाडीच्या तोंडापर्यंत पाच जागी. खडक असता तर साबण नुसता चेपून कोराच वर आला असता. पाची वेळा चिखल आला."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच. लग्नानंतर आठ दिवसांनी. भाजी करपली म्हणून मला बोलत होतात, बोलता बोलता मध्येच हे सांगितलंत."

दुकानदारानं हळूच तोंड घातलं. "काकू, खाडीच्या तोंडाशी दगडी बांध झाला ना, तेव्हापासून पाण्याची ओढ मंदावली. गाळ बसतो आता."

सासूबाईंनी चिखल चिमटीत घेऊन चोळला. मऊ, लोण्यासारखा. दगडाचा कण नाही. पुन्हा चोळला. खडा हाती लागेल या आशेनं तिसऱ्यांदाही चोळला.

"बरं," त्या म्हणाल्या. आवाज अजून करडाच होता. "यात आकडे टाकले तर काय होईल?"

"लोण्यातून काटा ओढावा तसे सुटून येतील."

"आणि तुझं उलथनं?"

"जितकं ओढाल तितकं आत रुतेल."

"दोर किती घेशील?"

"भरतीला पाणी दोन पुरुष खोल. दोर त्याच्या सातपट. चौदा पुरुष."

"चौदा!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "मला एकच मिळाला होता, तोसुद्धा कधी एका जागी टिकला नाही!"

दुकानदार काउंटरवर डोकं टेकून हसू लागला. सून तोंडाला हात लावून हसत होती, मग तो हातही पुरेना. सगळ्यात शेवटी सासूबाई हसल्या, पण एकदा हसू लागल्यावर त्यांना पुन्हा स्टुलावर बसावं लागलं.

"दे बाबा हिला ते उलथनं," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आणि दोर चांगला दे. सून एकच आहे."

दुसऱ्या दिवशी न्हाणीत कोरा गुलाबी साबण ठेवलेला होता, कागदासकट. सासूबाईंनी तो फळीवर सरकवून दिला. फडक्यातून जुना काढला, खळग्याच्या आकाराचा, काळ्या रेघारेघांचा. झरोक्यातून खाडीचं तोंड दिसत होतं. तिथं होडी नांगरावर उभी होती. ओहोटी तिला ओढत होती, पण ती जागची हलत नव्हती. सून शीड गुंडाळून आरामात पाय पसरून बसली होती.

"आई," मुलगा बाहेरून ओरडला, "न्हाणीतून चिखलाचा वास कसला येतोय?"

"चिखल नव्हे रे," अंगाला खसाखसा साबण लावत सासूबाई म्हणाल्या, "नवा तळ आहे. ओळख करून घेतेय."