हात आवरायची विद्या

"जोर कमी कर," नाथाजी वस्ताद म्हणाला. "पाचशे जोर मारून येतोस, मग काठी धरली की हात लाकडागत ताठ. अंगातली ताकद आन् हातातली इद्या, दोघींस्नी बेतानं चारा घालाय लागतो."

कोंडीबा मान खाली घालून ऐकत होता. वय तेहतीस. सांगलीच्या हळदीच्या पेठेत हमाल. भरलं पोतं पाठीवर घेऊन जिना चढायचा. एवढ्या वयाचा गडी तालमीत काठी शिकायला येतो, याचं बाकीच्यांना हसू यायचं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो पहिल्यांदा आला, तेव्हा वस्तादानं विचारलं होतं, "कुणाचा काटा काढायचाय?"

"न्हाई वस्ताद. राग आला की माजा हात आवरत न्हाई. एकदा मनगाट मोडलं माज्या हातनं. लय निस्तरावं लागलं. मला हात आवराय शिकवा."

वीस वर्षं फौजेत काढलेल्या नाथाजीकडं आजवर जो तो मारायला शिकायला आला होता. हा गडी त्याच्या मनात भरला.

त्यानं कोंडीबाचा आठवडाच बांधून दिला. एक दिवस जोर-बैठका, एक दिवस काठी. पेठेत गाड्या जास्त आल्या, तर दोन्ही बंद. सहा महिन्यांत खांदे सैल झाले, मनगट वळू लागलं. मग मडकं मांडलं. काठी पुऱ्या जोरानं आणायची आणि मडक्याला शिवून थांबवायची. महिनाभर नुसत्या खापऱ्या झाल्या. मग मडकी टिकू लागली.

पुढं वस्तादानं स्वतःची पाठ दिली. काठीला फडकं गुंडाळलं. कुठं हाड वर आहे, कुठं मांस जाड आहे, ते हात ठेवून दाखवलं.

"हाण. हाडाला धक्का लागता कामा न्हाई."

कोंडीबा हळूहळू शिकला. एकदा वस्ताद कळवळून खाली बसला, तर पाठीवर साधा वळही नव्हता.

"शाब्बास गड्या!" तो कण्हतच म्हणाला.

दसऱ्याच्या खेळात वस्ताद आडवा झाला आणि गळ्यावर लिंबू ठेवलं. कोंडीबानं गरगरा फिरवत आणलेली काठी लिंबाला टेकवून थांबवली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वस्तादाचे डोळे भरून आले.

आठवड्यानं दुपारी कोंडीबाची बायको अंजना तालमीच्या दाराशी आली. आभार मानायला आली असेल, म्हणून वस्ताद हसत बाहेर आला.

"आवं वस्ताद, मालकांचं शिकणं संपलं का?"

"संपलं की. आता भिऊ नगंस पोरी. त्येच्या हातनं कुणाचं हाड मोडायचं न्हाई."

"व्हय. मोडत न्हाई." तिनं डावा हात पुढं केला. मनगट वाकडं बसलं होतं. "हे मोडलं तवा बाप शिराळ्यासनं धावत आला. चार माणसांत ह्यास्नी नाक घासाय लावलं, मला चार म्हैनं म्हायेरी ठिवलं. तवापसनं मालक माज्या अंगाला हात लावाय भ्यायचं."

वस्ताद पुढं होऊन तिचं मनगट बघू लागला.

"दसऱ्यापसनं रोज मार खाते. सकाळी आईबापास्नी बोलवून घेतलं. आयेनं आत नेऊन सगळं अंग बघितलं. बाप म्हणला, लबाड बोलतीस." तिनं पदर सावरला. "जाताना ह्यांच्या पाया पडून गेला."