वाढती खिडकी

"मामा, पडदा पुन्हा रुंदीला कमी पडलाय. कापड कापता की खाता?" नवव्या मजल्यावरच्या इरावतीताईंनी मला टोमणा मारला.

चाळीस वर्षं पडदे शिवतोय, माझं माप चुकत नाही. त्यांची जमिनीपर्यंतची खिडकी महिन्यापूर्वी चार फूट रुंद होती, परवा पाच. आज टेप सहावर थांबली. खोटं बोलत असेन तर माझी कात्री बोथट होवो. वाढलेल्या भागाला ना काच होती, ना गज. थेट खाली रस्ता दिसत होता.

"वारा छान येतो तिथून," ताई म्हणाल्या. "मोरपंखी रेशीम घ्या, वर झालर लावा."

"झालरीचं मागाहून बघू. आधी बाळाचा पाळणा हलवा."

त्यांनी वळून पाहिलं. मी आलो तेव्हा पाळणा आणि खिडकी यांच्यात हातभर भिंत होती. आता दोन बोटं उरली होती.

दोघांनी पाळणा ओढत शेजाऱ्यांच्या बाजूच्या भिंतीशी नेला. बाळ झोपेतच हसलं. ताईंनी हुश्श केलं आणि भिंतीला पाठ टेकली.

त्यांच्या खांद्यामागे गिलाव्यात सरळ, चौकोनी भेग पडली होती. तिच्यातून ऊन आत येत होतं.