नाव झाकलेले फोटो

दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो एका संशोधनासाठी तपासायला डॉक्टरबाईंकडे यायचे. संशोधनाचा नियमच होता, फोटोवर नाव नाही, फक्त नंबर. चाळीस फोटो त्या जेवणाच्या सुट्टीआधी हातावेगळे करायच्या. या आठवड्यात मात्र एकेका फोटोवर त्यांची नजर खिळून राहायची. संध्याकाळ झाली तरी निम्मे तसेच पडलेले.

फोटो काढणाऱ्या ताईंना शेवटी राहवलं नाही. "मॅडम, तुमच्या लेकीच्या बाळाचा नंबर हळूच सांगू का? तेवढा आधी बघून घ्या, जीव भांड्यात पडेल."

"नको गं." डॉक्टरबाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आत्ता चाळीसही बाळं माझीच आहेत. नंबर कळला, की एकोणचाळीस परकी होतील."