हलका हात

कार्यानुभवाच्या तासाला आता सगळी मुलं वर्गात बसूनच कामावर जात. डोक्याला पट्टा लावून नुसती हालचाल मनात आणली, की तिकडे हमीदाआपांच्या बेकरीतले यंत्राचे हात ती करत. शलाकाने पीठ लाटायला घेतलं आणि खारीचे पदर पुन्हा फाटले.

पडद्यावरून हमीदाआपा म्हणाल्या, "राहू दे बाळा. कालच्या त्या निनादलाच पाठवा. त्याचा हात हलका आहे."

हात! दरवर्षी पहिल्या येणाऱ्या शलाकाच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मापासून ज्याचं बोटही हललं नव्हतं, गेल्या वर्षीपर्यंत ज्याला या तासाला वाचनालयात बसवून ठेवत, त्या निनादचा हात हलका?

"तुझे स्वतःचे हात मध्येच वळवळतात ना, म्हणून यंत्र गोंधळतं," चाकाच्या खुर्चीतून निनाद समजुतीने म्हणाला. "माझे कधी आड येत नाहीत."

ती समजूतच तिला जास्त झोंबली. पट्टा भिरकावून तिने दाणकन पाय आपटला.

"ए, थांब!" निनादचे डोळे चमकले. "राग आला की यंत्राचा पाय असा आपटायला मला केव्हाचं शिकायचंय. परत एकदा दाखव ना!"

शलाकाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. हेही त्याला आपल्यापेक्षा छान जमेल, याची तिला खात्री होती. ती चवड्यांवर, जराही आवाज न करता वर्गाबाहेर गेली.