चहानंतरचं वाक्य

“चहा घेऊ या का?” वरच्या देशाचा प्रतिनिधी म्हणाला, आणि वाक्य मेलं.

नदीकाठच्या देशांच्या संघाची ही रीत. सभागृहात कुणी कुणाला ‘नाही’ म्हणायचं नाही. मतदान नाही, चढा आवाज नाही, नाव घेऊन तक्रार नाही. पटलं नाही की चहा मागायचा. मंडळी कप ठेवून परत येतात, तोवर वाक्याचं वजन उतरलेलं असतं.

सकाळी वाक्य असं होतं:

धरणाचे दरवाजे उघडण्याआधी वरच्या देशाने मधल्या देशाला कळवावे.

चहा.

...शक्यतो कळवावे.

पुन्हा चहा. या वेळी बिस्किटंही.

...कळवण्याच्या शक्यतेचा विचार व्हावा.

मधल्या देशाच्या प्रतिनिधीच्या कपाळाची शीर उडायला लागली. ती आपल्या देशातल्या बंधाऱ्यावरची अभियंता. खात्यात तिला सगळे ‘तोफ’ म्हणत, अर्थात पाठीमागे. तिचा देश संघात नवा होता, त्यामुळे ही चहाबाजी ती पहिल्यांदाच भोगत होती. वरच्या देशाच्या त्या गोऱ्यागोमट्या, हळू बोलणाऱ्या माणसाचं तिनं मनातल्या मनात बारसंही केलं होतं: भिजतं घोंगडं.

तिला वाक्य हवं होतं. सबंध, शाईतलं, सहीशिक्क्याचं. गेल्या पावसाळ्यात वरचे दरवाजे उघडले आणि खाली कुणाला पत्ता नव्हता. तिची धाकटी बहीण पोरांना घेऊन कौलांवर चढली म्हणून वाचली. शेजारची म्हातारी सापडली नाही. निघताना बहिणीनं फोनवर बजावलं होतं, “ताई, लेखी घेऊन ये. तोंडच्या वाफेवर विश्वास ठेवू नकोस.”

मंत्रालयानंही बजावलं होतं. वरच्यांकडून वचन घ्यायचं. खालच्यांना द्यायचं नाही. खालच्या देशाचा प्रतिनिधी तिच्या समोरच बसला होता, मौनीबुवा. तो सगळ्याला मान हलवायचा. त्याला काय हवंय हे तिनं विचारलं नव्हतं. तिला तेवढी सवड कुठे होती!

तिसऱ्या चहाला तिनं घोंगड्याला किटलीपाशी गाठलं.

“अहो, एकदा तोंड उघडून ‘नाही’ म्हणा ना. निदान भांडता तरी येईल मला!”

“ताई, आपण सगळी एका गल्लीतली घरं,” तो साखर ढवळत म्हणाला. “गल्लीत कुणी कुणाच्या तोंडावर दार आपटत नाही.”

“आपटा हो! खुशाल आपटा! तुमची दारं उघडतात, हेच तर आमचं दुखणं आहे!”

तो हसला. अगदी मनापासून. मग त्यानं विचारलं, “काठावर तुमचं कुणी राहतं का?”

“बहीण,” ती फणकारली. “आता त्यावरही चहा घ्यायचा का?”

त्यानं तिच्या कपात थोडा चहा ओतला.

संध्याकाळी अध्यक्षांनी उरलंसुरलं वाचून दाखवलं:

सदस्य देशांनी एकमेकांचे क्षेम लक्षात ठेवावे.

एकमतानं मंजूर. टाळ्या. तोफेनं टाळी वाजवली नाही. क्षेम! लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर लिहायचा मजकूर आणि हा म्हणे करार. विमानतळावरून बहिणीला तिनं एवढंच कळवलं: हात हलवत आले.

पावसाळा आला. सलग कोसळला. बंधाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षात ती पाण्याची पातळी बघत उभी होती. भर दुपारी फोन वाजला.

“ताई, मी बोलतोय. वरून. आज दिवे लागायच्या सुमारास दरवाजे उघडणार आहेत. काठावरची माणसं आत्ताच हलवा. बहिणीला आधी.”

आवाज ओळखायला तिला क्षणभर लागला. मग तिचं डोकंच फिरलं.

“हे कळवायचंच होतं, तर वाक्य का मारलंत? आम्हाला काय झुलवत होतात?”

“लिहिलं असतं तर ते सरकारचं वचन झालं असतं. मग हा फोन करायला मला राजधानीची परवानगी लागली असती. ती यायची पाणी ओसरल्यावर. न लिहिलेलं मला माझ्या जबाबदारीवर पाळता येतं.”

“मग गेल्या वर्षी का नाही पाळलंत?”

“गेल्या वर्षी कुणाला करणार होतो फोन?” तो तसाच हळू म्हणाला. “तुमच्याकडचं कुणी आमच्यात चहाला कुठे बसलं होतं?”

फोन ठेवला गेला.

तिनं बहिणीला लावला. “नीघ. पोरांना घे, कागदपत्रं घे, शेजाऱ्यांना हाका मार.”

“लेखी आलंय का काही?”

“अगं बये, नीघ आधी!”

मग काठावरच्या ठाण्यांना. मग भोंगा. मग गाड्या. ती तोफ होतीच, त्या दिवशी धडाडली. तासाभरात काठावरची वस्ती टेकाडाच्या वाटेला लागली. बहिणीचा फोन आला, वर पोहोचलो, धाकट्याची चप्पल तेवढी राहिली. तेव्हा कुठे ती खुर्चीत टेकली.

हेडक्लार्क दारात उभे होते. निवृत्तीला आलेला, नियमाला धरून चालणारा माणूस.

“बाई, वरचं पाणी आलं की आपल्यालाही बंधारा उघडावा लागणार. खालच्या देशाला कळवायचं तर प्रस्ताव मंत्रालयात जाऊ दे. मसुदा करू का?”

मौनीबुवाची हलणारी मान तिच्या डोळ्यांपुढे आली. त्याच्याही काठावर कुणाची तरी बहीण असणार.

“काही लिहू नका,” ती म्हणाली. “त्यांचा नंबर द्या.”