एकच मराठी गाणं

मोहितनं माइक हातात धरून तिसऱ्या रांगेकडे बोट दाखवलं, आणि स्टेजवरच्या भल्यामोठ्या पडद्यावर देवरावांचा चेहरा झळकला. अख्ख्या स्टेडियमनं माना वळवल्या.

“ये मेरे बाबा हैं,” मोहित म्हणाला. “तीस साल प्लांट में मशीनों का शोर सुना. उसी में कान चले गए. मेरा एक भी गाना इन्होंने नहीं सुना.”

पुढचं गाणं बाबांसाठी, तेही घरच्या बोलीत, असं सांगून त्यानं गिटार छेडली. ‘बाबा, तुमाले आइकू येते का...’

देवरावांना वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं होईल. पडद्यावरचं आपलंच थोबाड बघवेना, म्हणून ते हाताच्या नखांकडे बघत राहिले. एका बाजूला बसलेली त्यांची बायको गयाबाई त्यांच्या गुडघ्यावर ताल धरून थापटत होती. भजन असो की लग्नातला बँड, चारचौघांत ती असंच करायची. दुसऱ्या बाजूला बसलेल्या कमलेशनं, थोरल्या मुलानं, मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, ‘तुमच्यावरचं गाणं आहे.’ देवरावांनी वाचलं, मान हलवली, आणि ती खालीच ठेवली.

कान गेले म्हणून भिलाई स्टील प्लांटच्या मेडिकल बोर्डानं त्यांना अनफिट केलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. अनफिट माणसाच्या पोराला नोकरी, या नियमानं त्यांच्या जागेवर कमलेश लागला. त्याआधीची पाच वर्षं कमलेश परीक्षा देत आणि नापास होत घरी बसला होता. तीन ठिकाणी ठरत आलेली सोयरीक नोकरी नाही म्हणून मोडली. नोकरी लागली आणि सहा महिन्यांत लग्न झालं, सेक्टर सहामधलं कंपनीचं क्वार्टरही राहिलं. धाकटा मोहित मात्र गिटार खांद्याला लावून मुंबईला पळाला. आज त्याच्या ‘लाल धुआँ’ बँडची पोस्टरं मरोद्यापासून पार दुर्गच्या पद्मनाभपुरापर्यंत लागली होती.

बहिऱ्या माणसासमोर लोकांच्या जिभेला हाड राहत नाही. मागच्या रांगेतल्या दोन पोरी डोळे पुसत होत्या. “यार, मैं तो रो दी.” त्यांच्या शेजारचा दाढीवाला मात्र पार वैतागला होता. “बाप को बेच रहा है. कान गए बाप के, तालियाँ बेटे को.” आणखी एकाला भाषाच खटकली. भिलाईवरची जुनी हिंदी गाणी सोडून हे काय मधेच घुसवलं, असं तो दोनदा म्हणाला. गाणं संपलं तेव्हा निम्मे लोक उभे राहून टाळ्या पिटत होते आणि उरलेले पाण्याच्या बाटल्या शोधत होते.

गेटपाशी शामसुंदर भेटले. प्लांटमधल्या मिलमध्ये वीस वर्षं दोघांनी एकाच क्रेनखाली काम केलेलं. त्यांनी ‘झकास’ म्हणून देवरावांपुढे अंगठा उंचावला, पाठीवर थाप मारली आणि कमलेशकडे वळून म्हणाले, “गाणं झकास झालं बे. पण बापाचं बहिरेपण असं चव्हाट्यावर मांडा लागते काय? माह्या पोरानं केलं असतं त शरमेनं मेलो असतो मी.”

तोवर देवराव गर्दीतून वाट काढत पुढे झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहित गाडी पकडण्याआधी घरी आला. पोहे खाता खाता तो आईला मोबाइलवरचे शेरे वाचून दाखवत होता. “अर्धे डोक्यावर घेऊन राहिले, अर्धे शिव्या देऊन राहिले. नौटंकी म्हणते मले.”

“तू कायले वाचतं मंग?” गयाबाई म्हणाली.

“लोकायचं जाऊ दे वो आई. मले एकट्या बाबाले ऐकवाचं हाय. मुंबईले मोठा डॉक्टर पाहून ठेवला. नुसती तपासणी करू द्या म्हणा. कोणती नस गेली, किती गेली, मशीन सारं सांगते. मंग ऑपरेशन.”

कमलेश जनरल शिफ्टला निघाला होता. गळ्यात गेटपास, हातात हेल्मेट. त्यानं थांबून कागदावर मोहितचं म्हणणं लिहिलं, खाली ‘जाऊन या बाबा’ असं जोडलं आणि कागद देवरावांपुढे धरला.

देवरावांनी कागद वाचला. मग कमलेशच्या गळ्यातल्या गेटपासकडे बघितलं. “या वयात कायची चिरफाड,” ते म्हणाले. “मी काई येत नाही.”

मोहितनं कागद ओढून घेतला. ‘एकदा तरी मला ऐकावंसं वाटत नाही का?’

देवरावांनी तेही वाचलं. बराच वेळ वाचलं. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला. पोराच्या तोंडाकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती.

मोहित दारात पाठमोरा बसून बुटाच्या नाड्या बांधू लागला. “राहू दे आई. यायले ऐकाचंच नाही मले. काल सारे टाळ्या वाजवत होते अन् हे मुंडकं खाली घालून बसले. माही लाज वाटते यायले.”

“नाही रे बापू, तसं नाही,” एवढंच गयाबाई म्हणाली.

कमलेशनं त्याला स्कूटरवर मागे बसवलं. स्टेशनवर सोडून तो तसाच ड्यूटीवर जाणार होता. स्कूटर कोपऱ्यावरून वळेपर्यंत गयाबाई पायरीवर उभी राहिली. मग आत आली, दाराला कडी घातली, मोरीचा नळ सोडला आणि पाठमोरीच बसून कप विसळू लागली.

“कसा गायला जी आपला पोरगा?” तिनं विचारलं.

“लय गोड,” पेपराआडून देवराव म्हणाले. “पण हळू बोल, खिडकी उघडी हाय.”