अख्खा जबडा

खुरीबगा गावाजवळच्या खाणीच्या बोगद्यात लारबीला डायनासोरचा अख्खा जबडा सापडला, त्या जातीच्या अगदी अखेरच्या पिढ्यांतला. पण तो काढताना छत कोसळलं आणि धाकटा भाऊ हमादी आतच गाडला गेला. आजवर लारबी सुटे दात डिंकाने चिकटवून बनावट जबडे विकायचा. आज हमादीच्या पोरांसाठी त्याने हा खरा जबडा व्यापारी हाजीपुढे ठेवला. हाजी तो नखाने खरवडत हसला. "उस्ताद, कारागिरी झकास जमलीय!" "हा खरा आहे, हाजी. याच्यापायी माझा भाऊ गेला." "मागच्या खेपेलाही भाऊच गेला होता. तुला भाऊ तरी किती रे?" गिऱ्हाईक पाघळावं म्हणून भाऊ गेल्याची ही थाप लारबीच मारायचा, आणि दुकानातल्या पडद्याआड हमादी हसू दाबायचा. "सुटे दात दे," हाजी म्हणाला, "ते तरी खरे असतात." लारबीने एकदा पडद्याकडे पाहिलं आणि जबड्यावर हातोडी उचलली.